वर्नासाठी राखलेले दात

माझ्या भावाच्या, लायमन बोरहेकच्या, हिरड्यांतून रक्त येतं हे आमच्या चर्चमधल्या प्रत्येक ट्रॉम्बोनवाल्याला ठाऊक होतं आणि त्याचं कोणाला काही वाटत नव्हतं. उलट कौतुकच होतं. तालीम संपली की लायमन वाद्याची पितळी वाटी ओठांवरून काढायचा आणि तोंड पुसायचा. रुमालावर गुलाबी डाग पडला की आमचा प्रमुख एलिस क्लूएल म्हणायचा, "ब्रदर लायमन, आज फारच मनावर घेतलंत!" मग बाकीचे हसायचे आणि लायमन तो रुमाल असा घडी घालून खिशात ठेवायचा, जणू कोणी त्याला पदक दिलंय.

हे सगळं आमच्या वडिलांपासूनचं. ज्याच्या रुमालाला कधी रक्त लागलं नाही त्याने ट्रॉम्बोन नुसता मिरवला, असं ते म्हणत आणि हे वाक्य आमच्या घरात बायबलच्या खालोखाल मानलं जाई. त्यांचं दुसरं वाक्य म्हणजे समोरच्या दातांना डॉक्टरचा हात लागू द्यायचा नाही. त्यांच्या तरुणपणी कुणाचा तरी दात डॉक्टरने जरासा घासला आणि त्या माणसाचा सूर जन्माचा गेला, अशी कथा होती. दातांमागे जे दगडासारखं किटण साठतं तेही काढायचं नाही, कारण दात त्यानेच एकमेकांना धरून असतात. मी दहा-बारा वर्षांची असताना म्हटलं होतं, "मग माळ्यावरची कोळिष्टकंही काढू नका, छप्पर त्यांनीच धरलं असेल." त्या रात्री मला जेवण नव्हतं.

मीसुद्धा ट्रॉम्बोन वाजवते, लायमनच्या शेजारच्या खुर्चीत. वर्षातून दोनदा दात साफ करून घेते आणि माझा सूर अजून कुठे पळून गेलेला नाही. पण धाकट्या बहिणीचं ऐकतो कोण? सांगून सांगून माझ्या दातांच्या कण्या झाल्या.

आम्ही मोरेव्हियन, म्हणजे एका जुन्या ख्रिस्ती पंथाचे. पेन्सिल्व्हेनियातल्या आमच्या गावात कोणी गेलं की फोन नंतर होतात, आधी ट्रॉम्बोन वाजतात. आम्ही चर्चच्या ओट्यावर उभे राहतो आणि तीन चाली वाजवतो. पहिली ऐकली की लोक हातातलं काम थांबवतात. दुसरीवरून कळतं की गेलं ते कोण, लग्न झालेली बाई, पुरुष, की पोर. तिसरी म्हणजे पुन्हा पहिलीच. यातली सगळ्यांत वरची पट्टी लायमनची. आमच्या आईवडिलांना त्याने पोचवलं, माझ्या नवऱ्याला, हॅरॉल्डला पोचवलं, निम्म्या गावाला पोचवलं. मी हॅरॉल्डच्या वेळी स्वयंपाकघरात भांडी घासत होते. लायमनचा तो वरचा सूर खिडकीतून आला आणि मग कुठे मला रडू फुटलं. एवढं त्याच्या वाजवण्यात होतं, हे मी कबूल करते.

तर वर्नाच्या हृदयाचं दुखणं डॉक्टरांनी ज्या शरद ऋतूत सांगितलं, त्याच शरदात मी लायमनच्या तोंडाचं प्रकरण हातात घेतलं. वर्ना म्हणजे लायमनची बायको. डॉक्टर म्हणाले होते, "नाताळ बघतील. ईस्टरचं काही सांगता येत नाही." वर्नाने घरी येऊन नाताळसाठी लोकरीचे मोजे विणायला घेतले, दोन्ही पायांचे. "एकाच पायाचे विणून गेले तर लोक काय म्हणतील?" म्हणाली.

लायमनच्या तोंडाला तेव्हा वास यायला लागून वर्ष तरी झालं असेल. आमची माणसं फार सभ्य. इतकी सभ्य की कोणी त्याला एका शब्दाने बोललं नाही, सगळ्यांनी त्याला पेपरमिंटच्या गोळ्या दिल्या. एलिस द्यायचा, पाद्रीबाई द्यायच्या, तालमीला आलेली पाहुणी मंडळीसुद्धा द्यायची. लायमनला वाटायचं, लोकांचं आपल्यावर किती प्रेम आहे! गोळ्या चघळून चघळून त्याची गालफडं सुजायची, पण वास आपला तिथेच. शिवाय त्याचे दात लांब दिसायला लागले होते. दात काही म्हातारपणी वाढत नाहीत. हिरड्या मागे सरकल्या होत्या.

शेवटी तालमीनंतर गाडीत बसताना मीच म्हटलं, "लायमन, तुझ्या तोंडाला घाण वास येतो."

तो काच खाली करत म्हणाला, "लसूण खाल्ला होता."

"वर्षभर?"

"आर्डिस, तू ना—"

"मी तुझ्या शेजारी बसते. वाऱ्याची दिशा मला तुझ्यापेक्षा जास्त कळते. उद्या दातांच्या डॉक्टरकडे जायचंय. मी वेळ घेतलीय."

त्याचा हात तोंडावर गेला आणि घरापर्यंत तिथेच राहिला.

डॉक्टर रोसारिओ पोरसवदा दिसायच्या, पण बोलायला खमक्या. लायमनला डाव्या कानाने कमी ऐकू येतं म्हणून मी आत त्याच्या उजव्या बाजूला बसले. त्यांनी एक बारीक, खुणा केलेली सळई घेतली आणि दात नि हिरडीच्या मधल्या फटीत ती किती खोल जाते ते बघत सहायकाला आकडे सांगायला सुरुवात केली. तीन. चार. सात. सहा. आठ. लायमन निवांत पडला होता. त्याला वाटत असावं की परीक्षेत गुण मिळताहेत.

सळई ठेवून डॉक्टर म्हणाल्या, "मिस्टर बोरहेक, तीन मिलिमीटरपर्यंत ठीक असतं. त्यापुढे जमीन खचलेली. तुमच्या दातांखालचं हाड विरघळत चाललंय. हिरड्यांचा आजार आहे हा, आणि बराच पुढे गेलाय."

"दुखत तर नाही."

"तेच तर वाईट आहे. दुखलं असतं तर तुम्ही दहा वर्षांपूर्वी आला असतात. रक्त कधीपासून येतं?"

लायमन जरा ऐटीत म्हणाला, "मी ट्रॉम्बोन वाजवतो. वाटी दाबली जाते, म्हणून येतं. आमच्याकडे सगळ्यांनाच येतं."

"मला नाही येत," मी म्हटलं.

डॉक्टर हसल्या नाहीत. "हात धुताना रोज बोटांतून रक्त आलं तर तुम्ही काय म्हणाल? फार छान धुतले? वाटी ओठांवर बसते, मिस्टर बोरहेक. हे रक्त हिरड्यांच्या आतून येतंय. आणि रक्त येतं म्हणून तुम्ही तिथे ब्रश लावत नाही, बरोबर? म्हणून किटण वाढतं, म्हणून आणखी रक्त येतं."

लायमनने माझ्याकडे बघितलं, जणू मीच चुगली केली होती. त्याने खरोखरच कित्येक वर्षं पुढच्या दातांना ब्रश लावला नव्हता. दात दुखावायचे नाहीत, सूर जपायचा. अरे देवा!

इलाज साधाच होता. सुई देऊन तोंडाची एक बाजू बधिर करायची, हिरडीच्या खाली शिरून दातांच्या मुळांपर्यंतचं किटण खरवडून काढायचं. आधी उजवी बाजू, पंधरा दिवसांनी डावी. मग दर तीन महिन्यांनी तपासणी आणि रोज दातांच्या फटींतून बारीक ब्रश. रक्तातली साखर तपासून घ्यायची. गेलेलं हाड परत येत नाही, पण उरलेलं टिकतं. "तुमचे बहुतेक दात वाचतील," डॉक्टर म्हणाल्या. हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलंय.

उजवी बाजू झाली. लायमन शहाण्यासारखा झोपून राहिला, घरी येऊन मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या. आठवड्यात त्या बाजूचं रक्त थांबलं. हिरडीची सूज उतरली, रंग आमच्या नातीच्या हिरड्यांसारखा झाला. मी मनातल्या मनात वडिलांना म्हटलं, बघा.

पण सूज उतरली तशा दातांमधल्या फटी उघड्या पडल्या. पुढच्या तालमीत लायमनने वरचा सूर लावला तर सुराच्या बाजूने हवा निसटायला लागली, किटलीच्या तोंडातून वाफ निघावी तशी. त्याने थांबून पुन्हा लावला. पुन्हा फुस्स. एलिसने वाद्य खाली ठेवलं. म्हणाला, "होईल, ब्रदर लायमन, सवय होईल," आणि खिशातून पेपरमिंट काढून दिली.

दुसऱ्या दिवशी लायमनने फोन करून डाव्या बाजूची वेळ रद्द केली. मला कळलं तशी मी त्याच्या घरी गेले. तो मागच्या अंगणात लाकडं रचत होता.

"डॉक्टर म्हणाल्या होत्या ना, सूर बदलेल म्हणून? काही महिन्यांत तोंडाला नव्या फटींची सवय होते म्हणाल्या."

"काही महिने," लायमन म्हणाला. "आणि वर्ना जानेवारीत गेली तर?"

वर्ना आत खिडकीपाशी मोजे विणत बसली होती.

तो आवाज खाली आणून म्हणाला, "तिच्यासाठी मी काय फुसफुसत वाजवू? सगळ्या गावाचं वाजवलं आणि तिच्या वेळी किटलीचा आवाज काढू? उजवी बाजू झाली तेवढी झाली. डावीकडच्या फटी अजून बंद आहेत, तोंड वाकडं धरून मी सूर लावू शकतो. तिचं होऊ दे. मग हवे तेवढे खरवडा."

"लायमन, तू तिच्या मरणाची वाट बघतोयस."

"वाट नाही बघत. तयारीत आहे."

"तिला विचारलंस?"

"काय विचारू? तुझं आटोपलं की दात दाखवून येतो?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी त्याला लाकडं रचायला मदत केली आणि घरी आले. डॉक्टर रोसारिओंनी दोनदा फोन केला. त्याने उचलला नाही.

वर्नाने नाताळ बघितला. मोजे पुरे करून ते मला दिले. मग ईस्टरही बघितला. पहाटे दफनभूमीत, देवाच्या मळ्यात, आम्ही वाजवत होतो तेव्हा ती चाकांच्या खुर्चीत तीन शाली गुंडाळून बसली होती आणि तिच्या गालांवर चांगला रंग होता. लायमनने तोंड डावीकडे वाकवून सगळं निभावलं. उन्हाळ्यात डॉक्टर म्हणाले, "नव्या गोळ्या मानवल्यात." घरात आनंद झाला, व्हायलाच हवा. लायमनही आनंदला. तो खोटं आनंदला नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. फक्त दातांचा विषय काढला की म्हणायचा, "थोडं थांब." आणि त्याचं त्यालाच ऐकू यायचं, आपण काय म्हणालो ते. मग तो लाकडं रचायला जायचा. दोन हिवाळे पुरतील एवढी लाकडं होती त्या घरात.

एक मात्र मला त्याचं सहन होत नव्हतं. तो वर्नाच्या जवळ जाईनासा झाला. सूप करून आणायचा, उंबऱ्यात उभा राहून विचारायचा, "आणखी मीठ हवंय?" उशी सारखी करताना मान दुसरीकडे वळवायचा. झोपायला शेजारच्या खोलीत. पूर्वी हा माणूस तिच्या कपाळाचं चुंबन घेतल्याशिवाय तालमीला निघत नसे, आम्ही गाडीत हॉर्न वाजवत बसायचो. आता दारातूनच हात हलवायचा, दुसरा हात तोंडावर. मला वाटलं, आजारपणाला काही पुरुष बिचकतात तसा हा बिचकला. मला त्याचा राग आला. तसं मी त्याला बोललेसुद्धा.

दुसऱ्या हिवाळ्यात वर्नाने मला दुकानातून लव्हेंडरचं पाणी आणायला सांगितलं. मी आणलं. ती ते उशीला लावायची, गळ्याला लावायची, अंथरुणावर शिंपडायची. बाटली संपली की पुन्हा सांगायची. मी म्हटलं, "वर्ना, तुझ्या खोलीत मधमाश्या येतील आता." ती म्हणाली, "येऊ देत. कोणीतरी येईल."

मला तेव्हाही कळलं नाही. तोंड चालतं माझं, डोकं मागून येतं.

दुसऱ्या ईस्टरच्या आधी, पाम संडेला, चर्चमध्ये प्रीतिभोजन होतं. प्रीतिभोजन म्हणजे आमच्यात सगळ्यांनी बाकावर बसून एकच बन आणि एकच कप कॉफी घ्यायची, गाणी म्हणत. बन मी केले होते. बटाटा घालून केलेले, संत्र्याच्या सालीचे, मऊ. लायमनने बनचा घास घेतला आणि चावायचा थांबला. मग त्याने रुमाल तोंडाला लावला, रुमालात बघितलं आणि घडी घालून मुठीत धरला. माझ्याकडे वळून बघितलं तेव्हा वरच्या ओळीत डाव्या बाजूला काळी खिंड होती. दगडासारख्या पावाने नाही, कुणाच्या ठोशाने नाही. माझ्या बनने दात पडला.

"दुखलं?" मी कुजबुजले.

"नाही," तो म्हणाला. "काहीच नाही दुखलं."

दोन दिवसांत गाल सुजला, ताप आला. मी त्याला उचलूनच डॉक्टर रोसारिओंकडे नेलं. त्यांनी फोटो काढून पडद्यावर लावला. तो वाचायला मला कोणी शिकवायला नको होतं. हातच्या कांकणाला आरसा कशाला? उजवीकडे दातांची मुळं हाडात रोवलेली दिसत होती. डावीकडे दात नुसते हिरडीत लोंबत होते, खाली काही नव्हतं.

डॉक्टरांनी बोटाने उजवीकडचा एक दात हलवून बघितला. हलला नाही. "ही बाजू आपण केली होती," त्या म्हणाल्या. तेवढंच म्हणाल्या. त्या आणखी बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

लायमन पडद्याकडे बघत होता. "डावीकडचे किती काढायचे?"

"वरचे सगळे, आणि खालचे पुढचे तीन. पू झालाय."

"मग वाजवायला कधी लागेन?"

डॉक्टर खुर्ची ओढून त्याच्या समोर बसल्या. "कवळी बसवू. जखम भरायला काही महिने, सवय व्हायला त्याहून जास्त. खालचे सूर कदाचित येतील. वरचे..." त्यांनी मान हलवली. "मी खोटं सांगणार नाही, मिस्टर बोरहेक."

लायमनने मान मागे टेकली आणि तोंड उघडलं.

दात काढले. उरलेली सगळी बाजू त्यांनी साफ केली, औषधं दिली. आठवडाभरात सूज गेली, जखमा मिटत आल्या. एका दुपारी मी वर्नाकडे सूप घेऊन गेले. वर्ना तेव्हा फार खंगली होती. गोळ्यांनी द्यायचं तेवढं दिलं होतं. मी चुलीपाशी सूप गरम करत होते, खोलीचं दार उघडंच होतं. लायमन उंबऱ्यात आला. थोडा वेळ नेहमीसारखा तिथेच उभा राहिला. मग स्वतःच्या तळहातावर फुंकर मारून त्याने तो नाकाशी धरला. मग आत गेला, पलंगाच्या काठावर बसला आणि वाकून वर्नाच्या कपाळाचं चुंबन घेतलं. मग तोंडाचं.

वर्नाने त्याला ढकललं नाही, पण ती दचकली. "आज काय झालं तुला?"

"आता वास येत नाही," लायमन म्हणाला. त्या दातांशिवाय त्याचे शब्द पसरट निघत होते. "आर्डिस म्हणाली होती, घाण येतो म्हणून. सडलेले होते. काढून टाकले."

"वास तुझ्या तोंडाला येत होता?"

"हो."

"तुझ्या?"

"दीड वर्ष. म्हणून मी... तू आजारी, आणि वरून माझा तो वास."

वर्नाने बाजूच्या टेबलावरची लव्हेंडरची बाटली हातात घेतली. "मला वाटत होतं, माझ्या अंगाला येतो," ती म्हणाली. "मी सडत चाललेय आणि तुला माझी किळस येते. रोज लावत होते हे. सकाळी लावायचे, तुझी पावलं ऐकली की पुन्हा लावायचे."

चुलीवरचं सूप उतू गेलं, मी हात लावला नाही. माझं एक वाक्य, गाडीत बसता बसता फेकलेलं. खरंच होतं, पण त्या वाक्याने लायमनला दीड वर्ष उंबऱ्यात उभं केलं होतं.

लायमन रडत होता. "मला तुझ्यासाठी वाजवायचं होतं, वर्ना. दात केले असते तर सूर गेला असता. मी म्हटलं, आधी तुझं... मी थांबलो."

"माझ्यासाठी कधी वाजवणार होतास?"

त्याने तिची उशी सारखी केली. तिला कळलं. मला वाटलं ती आता रागावेल, आणि रागवायला हवं होतं. पण वर्ना हसायला लागली. हसताना तिला धाप लागली, तरी हसत होती.

"अरे वेड्या, मी तेव्हा मेलेली असणार! मला काय ऐकू येणार होतं?" तिने त्याचा बसका गाल हातात धरला. "एवढंच होतं? मग हे दात आधीच का नाही रे उपटलेस?"

त्यानंतर तो तिच्या खोलीतच झोपला. त्यांना मे महिन्याचा पहिला पंधरवडा मिळाला. बहुतेक वेळ ती झोपूनच असायची.

वर्ना गेली त्या सकाळी एलिसने सगळ्यांना ओट्यावर बोलावलं. लायमन आला नाही. मी त्याला आणायला गेले तर तो तिच्याजवळ बसला होता. म्हणाला, "तुम्ही वाजवा." वरची पट्टी शाळेत संगीत शिकवणाऱ्या जोआनाने वाजवली. पहिली चाल, मग लग्न झालेल्या बाईची, मग पुन्हा पहिली. एकही सूर हलला नाही. रस्त्यातले लोक थांबले, टोप्या उतरल्या. इतकं चांगलं वाजलं की मला जोआनाचा राग आला. कुठेतरी अडखळली असती, तर लायमनच्या दीड वर्षाला काही अर्थ होता असं मला म्हणता आलं असतं.

आमच्या देवाच्या मळ्यात नवरा-बायको शेजारी नसतात. बायकांची रांग वेगळी, पुरुषांची वेगळी, ज्या क्रमाने बोलावणं येईल त्या क्रमाने. सगळ्यांचे दगड सारखे, जमिनीला टेकलेले. गरीब-श्रीमंत नाही, घराणं नाही. मला याचा आजवर अभिमान वाटत आला. बाहेरच्या लोकांना मी तो मोठ्या तोंडाने दाखवतही आले.

दफन झाल्यावर लोक कॉफीला गेले. लायमन जागचा हलला नाही, म्हणून मीही थांबले. वर्नाच्या उजव्या बाजूला मार्चमध्ये गेलेली सिस्टर बाइटल होती. डाव्या बाजूला नुसतं गवत.

"इथे कोण?" लायमनने विचारलं.

"पुढची जी जाईल ती. आमच्या बायकांत वयाने मीच मोठी आहे." मग उगाच म्हटलं, "नाहीतर मार्था. तिचा खोकला मला बरा वाटत नाही."

तो हसला नाही. गवताकडे बघत म्हणाला, "आर्डिस, तुझी जागा मला देशील?"

या माणसाला उत्तर देण्यात माझा जन्म गेला. त्याच्या प्रत्येक वाक्यावर माझ्याकडे दोन तयार असत. तेव्हा मला एवढंच सुचलं. "ती बायकांची रांग आहे, लायमन."

"माहीत आहे."

वाऱ्याने फुलं हलत होती. खाली चर्चमधून कपबशांचा आवाज येत होता. त्याने डोक्यावरची टोपी काढली.

"मग तू इतक्यात मरू नकोस," तो म्हणाला. "जागा रिकामी आहे तोवर मला इथे बसता येईल."

आणि कवळी न घातलेला माझा भाऊ चांगल्या सुटातच खाली गवतावर बसला.